नखाएवढं

हुपरीच्या गल्लीत दुपारी तीनला
फुंकण्या थांबतात, चहा येतो.
मी चटईवर पाकिटं मांडते.
पाकिटावर नाव नाही, फक्त आकडा.
शेजारी क्वार्ट्झची पातळ पात,
कारण लोखंडी कात्रीनं कापलं
तर नखात कात्रीच सापडते.

बाळगोंडा हसला.
"आमच्या नखात चांदीच घावणार, बाई.
वीस वर्सं पैंजणाला डाख देतोय.
घरात मात्र एक डाग न्हाई."
इथं दागिन्यालाही डागच म्हणतात.
प्रबंधात हे कुठं घालावं, मला सुचलं नाही.

सीपीआरच्या डॉक्टरांनी त्याच्या केसपेपरवर
लघवीतल्या प्रथिनांपुढं प्रश्नचिन्ह काढलेलं.
त्या प्रश्नचिन्हाला धरून मी इथवर आलेली.

नखं धुतली. ॲसिटोन, पाणी, पुन्हा ॲसिटोन.
वरची चांदी मोरीत गेली,
उरली ती माणसाची.

महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये रात्रभर डबा मांडीवर.
समोरच्या आजोबांनी विचारलं, अंबाबाईचा प्रसाद काय?
मी हो म्हणाले,
आणि मिरज येईपर्यंत भीती, की मागतील.

अणुभट्टीत न्यूट्रॉन.
त्याच्यावर कसला भार नाही,
म्हणून त्याला कुणी अडवत नाही,
कडी न वाजवता तो घरात.
अणू त्याला गिळतो, बेचैन होतो,
आणि मग कुणी न विचारता
आपलं नाव सांगत सुटतो.
जस्ताचं नाव एक हजार एकशे सोळा.
सेलेनियमचं दोनशे पासष्ट.
चांदी सहाशे अठ्ठावन्नवर
जोतिबाच्या गर्दीतून सासनकाठी उठावी तशी
सरळ, उंच, लांबूनही चुकू नये अशी.

ज्याला शोधत होते तो मात्र पाचशे अठ्ठावीसवर.
घाईचा पाहुणा. दोन दिवस उलटले की अर्धाच उरतो.
पहाटे चारला खरखरीतून
एक बुटकं टेकाड वर आलं.
मी पुन्हा मोजलं.
बाहेर कुणीतरी नायट्रोजनच्या टाकीचं झाकण आपटलं.
पुन्हा मोजलं.
कॅडमियम.

"चांदी किती निघाली?" त्यानं पहिलं हेच विचारलं.
सांगितली.
त्यानं बोटांवर सराफाचा भाव लावून बघितला.
"पैसाबी व्हत न्हाई की."
मग त्या दुसऱ्याचं नाव सांगितलं.
नाव नवं होतं, ओळख जुनी:
"डाखात असतंय ते. पिवळसर धूर येतोय.
लवकर वितळतंय म्हणून मालक तेच देतोय."
धूर कुठल्या बाजूनं येतो तेही त्यानं दाखवलं,
मान जराशी डावीकडं वळवून,
वीस वर्षं वळवली होती तशी.

राजमतीताई आतल्या खोलीत घुंगरं जोडत होत्या.
तीच फुंकणी, तोच डाख, खिडकी मात्र नाही.
माझ्या यादीत त्या नव्हत्या.
यादी कारखान्यांनी दिलेली,
आणि चुलीशेजारच्या पाटाला कुणी कारखाना म्हणत नाही.
"माझी बी कापा की," त्या म्हणाल्या.

हाताची नखं तेजाबानं खाल्लेली.
पायाचीच घ्यावी लागणार.
आणि अर्जावर, रकाना नऊ:
नमुन्याआधी पंधरा दिवस बोटांत चांदी नसावी.

मी जोडव्यांकडं बघितलं.
त्यांनी मी बघताना बघितलं.
"ते काढायचं न्हाई," त्या म्हणाल्या,
"हे हाईत तवर तरी."

बाळगोंडा रिकाम्या पेल्यात
काहीतरी शोधत बसला.

मी अंगठ्याचं नख घेतलं.
पांढरं, अर्धचंद्राएवढं,
वजन साडेसहा मिलिग्रॅम.
पाकिटावर एकेचाळीस घातला.
रकाना नऊवर पेन टेकवला, तर शाई तिथंच साठत गेली
आणि कागदावर एक डाग पडला.